सर्व्हरला लॅन कार्ड बसवताना

ठाण्यात मला जूनच्या पावसापेक्षा परतीच्या पावसाची धास्ती जास्त. जूनमध्ये पाणी तुंबतं, लोकल रखडतात, पण ऑक्टोबरमध्ये दुपार कलली की पारसिकच्या डोंगरामागून ढग भरून येतात आणि पावसापेक्षा विजाच जास्त कडाडतात. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका संध्याकाळी आम्ही ऑफिस बंद करून निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्याही मशीनवर टॅली, आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेना.

आमचं नौपाड्यातलं ऑफिस हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करतं. इमारत जुनी आहे. पुढच्या खोलीत आम्ही बसतो, मागे उघडा चौक, आणि चौकापलीकडे फायलींची खोली. तिथेच सर्व्हर ठेवलाय. सर्व्हर म्हणायचं, पण आहे तो बारीक अंगाचा साधा डेस्कटॉप. सगळ्या पार्ट्यांचा टॅली डेटा त्याच्यावर. पुढच्या खोलीत सगळ्या मशीनच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, म्हणजे नेटवर्कचा स्विच, आहे. त्याच्यापासून सर्व्हरपर्यंत लॅनची, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कची, एक वायर चौकातून, छज्जाखालून, उघड्यावरून गेलेली. सप्टेंबरचं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, २० तारखेच्या आत भरायचं होतं आणि त्यात दिवाळी तोंडावर.

सरांनी विचारलं, "मॅडम, माणूस बोलवायचा का?" बोलवायला हरकत नव्हती, पण त्या दिवसांत हार्डवेअरवाले 'येतो येतो' म्हणतात आणि उगवत नाहीत. शिवाय ही कामं मला मनापासून आवडतात. ऑफिसातली मशीन उघडणं, साफ करणं, रॅम वाढवणं हे मीच करते. म्हटलं, आधी बघते तरी.

सर्व्हर चालू होता, डेटा शाबूत होता. टास्कबारवर मात्र 'नेटवर्क केबल अनप्लग्ड'. मागे वायर तर नीट अडकवलेली. विंडोजमधली उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला, तर लॅनच्या नावापुढे पिवळी खूण नाही, आत लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित चालतंय. या वाक्यावर बरेच जण फसतात आणि मग वायरच बदलत बसतात. लॅनच्या चिपचे कामाच्या दृष्टीने दोन भाग असतात. एक भाग मदरबोर्डशी बोलतो, दुसरा वायरवरचे सिग्नल सांभाळतो. डिव्हाइस मॅनेजर विचारपूस करतो ती पहिल्या भागाची. वायरकडचा भाग जळून गेला तरी पहिला भाग 'मी ठीक आहे' असंच सांगत राहतो. म्हणून मी त्या वाक्यावर विसंबत नाही, पोर्टवरचा लाईट बघते.

लाईट नव्हता. मग वायर काढून आमच्याकडच्या शिकाऊ मुलाच्या लॅपटॉपला लावली. तिथेही लाईट नाही. तो लगेच म्हणाला, "ताई, वायरच गेली." तसं म्हणायला घाई होती. वायरीच्या दुसऱ्या टोकाला स्विच आहे, त्याची तपासणी बाकी होती. त्याला पुढच्या खोलीत पाठवलं आणि स्विचवर वायर शेजारच्या पोर्टला लावायला सांगितली. लॅपटॉपवर लाईट लागला. पुन्हा जुन्या पोर्टला लावली, गेला. म्हणजे स्विचचा तो एक पोर्ट मेला होता. आता तीच जिवंत वायर सर्व्हरला लावली, तर सर्व्हर तरीही अंधारातच. वायरीची दोन्ही टोकं एकाच वेळी उडाली होती.

विजेच्या बाबतीत असं होणं स्वाभाविक आहे. वीज आपल्या इमारतीवर पडावीच लागते असं नाही. आसपास पडली तरी उघड्यावरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब उभा राहतो आणि तो दोन्ही टोकांना बाहेर पडायला वाट शोधतो. लॅनच्या प्रत्येक पोर्टमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. इथरनेटच्या, म्हणजे वायरीवरच्या लॅनच्या, मानकाप्रमाणे त्यांनी १५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवायचा असतो. विजेचा झटका त्याच्या कितीतरी वर जाऊ शकतो.

मदरबोर्डवरचा पोर्ट दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. वेगळं लॅन कार्ड घालणं स्वस्त आणि लवकर होणारं. स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी यूएसबीचा लॅन अडॅप्टर पुढे केला. "हे घ्या ना मॅडम, उघडायलाच नको." घरच्या लॅपटॉपला तो चांगलाच. पण दिवसभर पाच जण ज्याच्यावर काम करतात त्या मशीनच्या मागे लोंबकळणारा अडॅप्टर मला नको होता. झाडूचा धक्का लागला तरी निघतो, आणि निघाला की त्या क्षणी सगळ्यांची टॅली अडकते. मी पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड मागितलं. २.५ गिगाबिटचंही होतं त्याच्याकडे, पण आमचा स्विच एक गिगाबिटचा. कार्ड कितीही वेगवान घेतलं तरी वेग ठरतो तो दोघांतल्या हळूच्या मापाने.

घेण्याआधी बघायच्या दोन गोष्टी मात्र नक्की. पहिली, मशीनमध्ये जागा कुठली आहे. जुन्या मशीनमध्ये लांब पांढरा पीसीआय स्लॉट असायचा, त्यात हे कार्ड बसत नाही. आमच्यात छोटा, बोटाच्या पेराएवढा एक्सप्रेस स्लॉट रिकामा होता. तोच नसता तर लांब एक्सप्रेस स्लॉटमध्येही छोटं कार्ड चालतं, उलट मात्र नाही. दुसरी, पट्टी. कार्डाच्या टोकाला जी पत्र्याची पट्टी असते ती बारीक कॅबिनेटमध्ये मावत नाही, अर्ध्या उंचीची लागते. मी खोकं उघडूनच पाहिलं. पूर्ण पट्टी लावलेली होती आणि अर्धी पिशवीत वेगळी होती. ती नसती तर कार्ड घेतलं नसतं, कारण सुटी पट्टी नंतर शोधणं फार जिकिरीचं.

बसवण्याचं काम दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं. आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. मग मशीन बंद, आणि नुसतं बंद नाही, मागची पॉवर केबलही काढली. बंद मशीन प्लगला लावलेलं असेल तर मदरबोर्डवर पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. केबल काढून पॉवरचं बटण काही क्षण दाबून धरलं की उरलासुरला करंटही निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला, कार्डाला कडेने धरलं, सोनेरी दातांना बोट लागू दिलं नाही.

पट्टी बदलायला दोन बारीक स्क्रू. ते काढले, अर्धी पट्टी लावली, कार्ड स्लॉटमध्ये दाबलं, 'टच्च' करून बसलं. पट्टीचा स्क्रू आवळला, मशीन चालू केलं. स्क्रीनवर झाकण उघडलं गेल्याची सूचना आली. कंपन्यांसाठी बनवलेल्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी एक छोटा सेन्सर असतो, ती सूचना ओके करून पुढे गेले. विंडोज उघडलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवं कार्ड दिसेच ना. पिवळी खूण नाही, अनोळखी उपकरण म्हणूनही नोंद नाही.

अशा वेळी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधण्यात वेळ घालवू नये. ड्रायव्हर नसला तरी विंडोजला कार्डाची चाहूल लागते आणि 'इथरनेट कंट्रोलर' असं नाव तरी येतंच. काहीच येत नाही याचा अर्थ मदरबोर्ड आणि कार्ड यांची भेटच झालेली नाही. पुन्हा बंद केलं, केबल काढली, टॉर्च लावून स्लॉटच्या पातळीला डोळा नेला. कार्डाचं आतलं टोक नखभर वर उचललेलं होतं. स्क्रू ढिला केला, टोक खाली गेलं. आवळला, पुन्हा वर. पट्टीचं खालचं टोक कॅबिनेटच्या खाचेत न शिरता तिच्या कडेवर टेकत होतं आणि स्क्रू आवळला की त्या आधारावर अख्खं कार्ड कलत होतं. पट्टीला पकडीने किंचित बाक दिला, टोक खाचेत गेलं, कार्ड सरळ झालं. या वेळी मशीन चालू करताच कार्ड दिसलं आणि विंडोजने स्वतःच ड्रायव्हर लावला.

ज्यांचा ड्रायव्हर असा आपोआप लागत नाही त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला हार्डवेअर आयडी वाचावा. त्यात व्हेंडरचा नंबर असतो. १०ईसी असेल तर रिअलटेकची चिप, ८०८६ असेल तर इंटेलची (१९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचाच हा आकडा). खोक्यावर नाव कुणाचंही असो, ड्रायव्हर चिपचा लागतो. आणि नेटच नसलेल्या मशीनवर ड्रायव्हर उतरवायचा कसा, तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) सुरू करायचं. लॅन कार्ड बंद असलं तरी ते चालतं.

मी आणखी एक केलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचा जळलेला पोर्ट बंद करून टाकला. अर्धमेली चिप चालू ठेवली तर विंडोज तिला धरून बसतं आणि पुढे घोळ होतात.

घोळ तरीही झालाच, पण वेगळा. सर्व्हरला ठरलेला पत्ता असतो, १९२.१६८.१.१०. बाकीच्या सगळ्या मशीनवर टॅलीला तोच पत्ता दिलेला. नव्या कार्डाला तो द्यायला गेले, तर विंडोजने हरकत घेतली. हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, आणि ते कार्ड आता मशीनमध्ये नाही. बंद केलेल्या पोर्टची नोंद आणि त्याच्या नावावरचा पत्ता विंडोज जपून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूतून लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं की जुना पोर्ट फिकट अक्षरांत दिसतो. तिथून त्याला अनइन्स्टॉल केलं आणि मग नव्या कार्डाने पत्ता मुकाट्याने घेतला.

लाईट लागला. सर्व्हरवरून राउटरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक पाठवली, उत्तर आलं. सर्व्हरवर नेटही चालू झालं. शिकाऊ मुलगा पुढच्या खोलीतून ओरडला, "ताई, इकडे अजून नाही!" त्याच्या मशीनवरून सर्व्हरला पिंग केलं तर उत्तर नाही. सर्व्हरकडून बाहेर सगळं जातंय, बाहेरून आत मात्र काही येत नाही. मला हा नमुना फार उपयोगाचा वाटतो, कारण त्यात वायर, पोर्ट, कार्ड, पत्ता सगळे एकदम निर्दोष सुटतात. तारेवरून जाणं आणि येणं दोन्ही होत असल्याशिवाय राउटरचं उत्तर आलंच नसतं. मग उरतो फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी. नवं कार्ड म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, आणि आमच्या मशीनने त्याला 'पब्लिक' ठरवलं होतं, म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं. पब्लिक नेटवर्कवर फाइल शेअरिंग आणि बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर, दोन्ही बंद. सेटिंगमध्ये ते 'प्रायव्हेट' केलं. पुढच्या खोलीत एकामागून एक टॅली उघडत गेली. फायरवॉल पूर्ण बंद करून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील ज्या मशीनवर आहेत तिथे मी तो कधीही मानणार नाही.

काम सुरू झालं, पण संध्याकाळी बॅकअप घेताना कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकेना. गिगाबिटवर १०० च्या पुढे जायला हवी. ११ हा आकडा ओळखीचा आहे. १०० मेगाबिटला आठाने भागलं की साडेबारा एमबी, त्यातून वरखर्च गेला की अकरा. म्हणजे हार्ड डिस्क मंद नव्हती, कार्ड १०० वर जोडलं गेलं होतं. कार्डाचं स्टेटस उघडलं, तिथेही १०० एमबीपीएस. पोर्टवरच्या लाईटच्या रंगावरून वेग ओळखायला जाऊ नये, हिरवा-केशरी कशासाठी हे प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं.

एका परिचितांना फोन केला, ते नेटवर्कचीच कामं करतात. ते म्हणाले, कार्डाच्या सेटिंगमध्ये स्पीड 'शंभर फुल' करून टाका, निदान स्थिर चालेल. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. एका टोकाला वेग ठोकून बसवला आणि दुसरं टोक 'ऑटो'वर राहिलं, तर ऑटोवाल्याला समोरून वाटाघाटीचं काहीच ऐकू येत नाही आणि तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग एक बाजू बोलताबोलता ऐकते, दुसरी बोलायला लागली की ऐकणं थांबवते, आणि पॅकेट आपटत राहतात. लाईट लागलेला असतो, पिंग जात असतो, आणि मोठी फाइल मात्र रडतखडत जाते. त्यापेक्षा 'ऑटो' ठेवावं आणि वेग का पडला ते शोधावं.

वेग पडण्याचं नेहमीचं कारण वायरमध्ये असतं. लॅनच्या वायरीत पिळलेल्या चार जोड्या असतात, केशरी, हिरवी, निळी, चॉकलेटी. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच लागतात, केशरी आणि हिरवी. १९९९ साली तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्याला चारही लागतात. निळी किंवा चॉकलेटी जोडी तुटली तर गिगाबिट जमत नाही आणि बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला कळतही नाही. वायर वर्षानुवर्षं अशी अर्धी मेलेली असू शकते.

टेस्टर लावला. त्याच्यावर एकापाठोपाठ आठ दिवे लागतात. सहापर्यंत लागले, सात आणि आठ दोन्ही टोकांना अंधार. चॉकलेटी जोडी. आधी दोन्ही टोकांचे जॅक कापून नवे पंच केले, कारण तार बहुतेक वेळा जॅकपाशीच सुटते. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी, हा क्रम दोन्ही टोकांना सारखा. सात-आठ तरीही नाही.

मग वायरीवरून हात फिरवत चौकात गेले. छज्जाच्या कोपऱ्यात जिथे ती काटकोनात वळवून खिळ्याने ठोकली होती, तिथे वरचं आवरण उन्हाने तडकून पापुद्र्यासारखं सुटलं होतं. घरातली वायर उन्हात टाकली की असंच होतं, बाहेरची वायर वेगळी मिळते, जाड काळ्या आवरणाची. तड्यातून पाणी आत गेलेलं. चॉकलेटी तार वाकवली तर हातात तुटून आली. टोकाला पांढरी भुकटी होती. ब्लेडने तार खरवडली, तर वरचा लालसर थर निघाला आणि आतून चांदीसारखी पांढरी. अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. हा माल स्वस्त मिळतो, बिलावर नुसतं 'कॅट सिक्स' लिहिलेलं असतं. अॅल्युमिनियमला वाकवलं की ते लवकर तुटतं, आणि ओलीत, खाडीकाठच्या आपल्या हवेत, भराभर कुजतं. वायर घेताना दुकानातच दोन इंच सोलून खरवडून बघावी. आतबाहेर सारखीच लाल असेल तर तांब्याची. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठावं.

थ्रीबी भरेपर्यंत वायरीला हात लावला नाही. १०० वर टॅली बऱ्यापैकी चालते. त्या दिवसांत आणखी एक खोडी दिसली. जेवून परत आलं की सर्व्हर गायब असायचा आणि कुणी तिकडे जाऊन माऊस हलवला की परत यायचा. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशी टिकमार्क असते, ती काढली. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधली स्लीपही 'कधीच नाही' केली. अॅडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट ही वीज वाचवणारी आणखी एक सोय होती, तीही बंद केली. घरच्या मशीनला हे सगळं राहू द्यावं. सर्व्हरला नको.

दिवाळीनंतर सरांपुढे विषय काढला. तांब्याची चांगली वायर टाकली असती तर वेग आला असता, पण पुढच्या ऑक्टोबरात वीज कडाडली की पुन्हा तेच. चौकातून जाणारा तुकडा फायबरचा करायचा असं मी सुचवलं. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो, त्यात एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला लॅनची वायर. एकाच तंतूवर जाणं-येणं करणारी जोडी घेतली. त्यात एक डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलट, म्हणून जोडीनेच घ्यावे लागतात. दोन्ही सारखे आणले तर कधीच बोलणार नाहीत. फायबर घेताना माणसाला बजावून सांगितलं की आधाराला लोखंडी तार असलेली नको, फायबर ग्लासच्या काडीची हवी. नाहीतर वीज त्या तारेवरून आत येईल आणि सगळा खटाटोप फुकट.

सर्व्हर ते कन्व्हर्टर एक हाताची तांब्याची वायर, तीही खोलीच्या आत. जोडलं, स्टेटसमध्ये १ जीबीपीएस आलं, आणि बॅकअपची कॉपी ११० च्या आसपास धावू लागली. वायरमनकडून फायलींच्या खोलीतल्या प्लगचं अर्थिंगही तपासून घेतलं, कारण झटका पॉवरच्या वाटेनेही येऊ शकतो. ते ढिलं होतं, त्याने नीट केलं. स्विचच्या मेलेल्या पोर्टवर पट्टी चिकटवलीय, म्हणजे नवा कुणी त्यात वायर खुपसून गोंधळात पडायला नको. पुढच्या खोलीत त्याच अॅल्युमिनियमच्या रोलमधल्या दोन वायर अजून भिंतीच्या पट्टीत आहेत. तांब्याचा रोल आणून ठेवलाय, येत्या रविवारी मी आणि तो मुलगा त्या ओढून काढणार आहोत.